मुलतानी माती आणि डावा गाल

त्या शनिवारी मी सरळ खरं बोलले असते, तर पुढचा दीड महिना माझ्या जिवाला एवढा घोर लागला नसता. पण खरं बोलायचं म्हणजे भर एस.टी.त, पन्नास माणसांदेखत, ही माती मी तोंडाला लावते असं सांगायचं... कोण सांगेल हो?

साल एकोणीसशे साठ. मी वीस वर्षांची, दौंडला ख्रिस्ती शाळेच्या बालवर्गावर नुकतीच लागलेली. आठवडाभर दौंडला हन्ना आत्याकडे राहायचं, शनिवारी दुपारच्या गाडीनं शिरूरला आईकडे यायचं, रविवारची उपासना करायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत फिरायचं, असा माझा क्रम होता. मार्च लागला होता, ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. आत्यानं कुटून, वस्त्रगाळ करून दिलेल्या मुलतानी मातीची पुरचुंडी मी मांडीवर धरून बसले होते. न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात अशी आदळली, की आम्ही सगळे जागेवरून वीतभर उडालो. पुरचुंडीची गाठ सुटली आणि गाडीत माती माती झाली.

शेजारी माळव्याची पाटी घेऊन बसलेली रंगुबाई आधी शिंकली, मग म्हणाली, "आगं बया, माझ्या वांग्यास्नी पावडर लावली का काय?" पुढची माणसं मागं वळून बघायला लागली. आणि कंडक्टर तिकिटांचा ट्रे सावरत नेमका माझ्यापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या खाकी विजारीवर गुडघ्यापर्यंत मातीचा थर बसला होता.

"बाई, हे काय आहे?"

"माती."

"ते दिसतंय. पण कशाची?"

"भिंतीसाठी," मी म्हणाले. तोंडाला आलं ते बोलून गेले. "घरची भिंत सारवायची आहे."

त्यानं त्या एवढ्याशा पुरचुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भिंत लहान दिसतेय."

"कोनाडा आहे," मी म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तो हसला नाही, हेच जास्त लागलं. कानामागची पेन्सिल खिशात ठेवून तो खाली बसला, पुठ्ठ्याच्या तुकड्यानं माती गोळा केली, वर्तमानपत्रात बांधली आणि माझ्या हातात दिली. पुडी आधीपेक्षा हलकी लागली. उरलेली फळ्यांच्या फटींत गेली असेल, असं मी तेव्हा धरून चालले.

आता ही माती कशाला, ते सांगते. माझ्या चेहऱ्याला विलक्षण तेल सुटायचं. सकाळी तोंड धुवावं आणि प्रार्थनेची घंटा होईपर्यंत कपाळ असं चकाकावं, की बालवर्गातली मुलं विचारायची, बाई, तोंडाला खोबरेल लावलंय का? नाकावर काळ्या कण्या. आणि डाव्या गालावर पुटकुळ्यांनी ठाण मांडलेलं, एक बसली की दुसरी उठायची. उजवा गाल त्या मानानं शहाणा होता. आरशासमोर मी उजवीकडून उभी राहिले की मला वाटायचं, बरी आहे की लिडिया. डावीकडून बघितलं की सगळं अवसान गळायचं.

हन्ना आत्या दवाखान्यात नर्स होती. तिच्यापुढे रडून उपयोग नसायचा. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि सांगितलं की घाम, धूळ आणि तेल यांनी कातडीची छिद्रं बुजली आहेत, ती मोकळी करायला हवीत, नखानं मात्र नाही. बाजारातल्या सिंधी दुकानदाराकडून तिनं मुलतानी मातीची ढेकळं आणली. गुलाबपाण्यात भिजवायची, पातळ थर द्यायचा, थर ओढायला लागला की तडकायच्या आत कोमट पाण्यानं धुवायचा. आठवड्यातून दोनदाच. रोज लावलीस तर कातडी कोरडी पडेल आणि घाबरून दुप्पट तेल सोडेल, असं तिनं बजावलं. आणि माती तोंडावर असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

पुढच्या शनिवारी तोच कंडक्टर होता. पंच दांडीवर टिकटिक वाजवत माझ्यापाशी आला, तिकीट फाडलं आणि हळूच म्हणाला, "बाई, भिंत काय म्हणतेय?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "अजून ओल आहे."

"सावकाश वाळू द्या. घाई केली की तडे जातात."

झालं. तिथून हे दर आठवड्याला सुरू झालं. शनिवारी भिंत, सोमवारी भिंत. एकदा त्यानं विचारलं, कोनाडा झाला असेल तर आता खोलीला कधी हात घालणार? मी म्हणाले, आमचं घर मोठं आहे, जन्म जाईल. तो म्हणाला, "मग गाडीचा पास काढून ठेवा." एवढंच बोलायचा आणि पुढे जायचा. पण पुढच्या थांब्यापर्यंत माझ्या कानाच्या पाळ्या गरम असायच्या.

मी बसायची जागाही ठरवून टाकली होती. डाव्या हाताची रांग, खिडकीपाशी. म्हणजे डावा गाल खिडकीकडे आणि उजवा, शहाणा गाल, येण्याजाण्याच्या वाटेकडे. तो शेजारी येऊन उभा राहिला की मी रस्त्याकडचं बाभळीचं झाड न् झाड मोजायची, पण मान वळवायची नाही. त्यानं मला कधी समोरून पूर्ण पाहिलंच नाही, असा माझा हिशोब. आणि रात्रंदिवस हीच काळजी, की हा माणूस अर्ध्या चेहऱ्याशी बोलतोय. उरलेला अर्धा दिसला की बोलणं बंद होईल.

त्याचं नाव सत्यवान. ड्रायव्हर सोपानराव हाक मारायचे त्यावरून कळलं. मी आत्याकडे अगदी सहज, भाजी निवडता निवडता, चौकशी केली. आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अब्राहाम साळव्यांचा थोरला. इंजिनाच्या शेडात होते ते. आपल्याच देवळात येतात, पण मुलाला रविवारी ड्युटी असते. का गं?" मी म्हणाले, काही नाही, नाव ऐकलं म्हणून विचारलं. आत्यानं मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली.

म्हणजे जात-धर्माचीही आडकाठी नव्हती. मला तर जास्तच भीती वाटायला लागली. आडकाठी नसली म्हणजे मग सगळा दोष डाव्या गालाचाच राहतो की नाही?

त्यातच आईनं स्थळ काढलं. माझी आई कृपाबाई, वडील गेल्यापासून मिशनच्या चाळीत एकटी राहणारी, माझ्या लग्नाशिवाय तिला दुसरा विषय नाही. नगरच्या शाळेतले एक मास्तर होते. पाळकसाहेबांच्या ओळखीचे, चांगल्या वळणाचे. त्यांना उत्तर हवं होतं. आई म्हणाली, ईस्टरनंतर बोलणी करू, पण त्याआधी होय किंवा नाही कळवायला हवं, माणसांना किती दिवस टांगून ठेवायचं? मी दोन आठवडे मागून घेतले. त्या दोन आठवड्यांत सत्यवान काहीतरी बोलेल, अशी वेडी आशा होती. भिंत सोडून दुसरं काहीतरी.

पहिल्या शनिवारी तो गाडीवर नव्हता. सोमवारीही नाही. बदली कंडक्टरला विचारायची माझी छाती होईना. सोपानरावांना रंगुबाईनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "घरी काम निघालंय म्हणं. रजा टाकलीया."

दुसऱ्या शनिवारी तो आला. पण कसा आला... पांढरा रुमाल हनुवटीखालून बांधलेला, टोपी कपाळावर ओढलेली, नजर खाली. माझ्यापाशी आला, तिकीट फाडलं आणि काही न बोलता पुढे गेला. भिंतीचं नावसुद्धा नाही. तो वळला तेव्हा मला दिसलं. कानामागं, जिथं पेन्सिल असायची तिथं, पिवळं. मानेवर पिवळं. शर्टाच्या कॉलरची कड पिवळी.

रंगुबाईच्या नजरेतून काही सुटत नसे. तिनं मला कोपरानं ढोसलं. "बाय, कंडक्टरला हळद लागली वाटतं. आन् बघ की, लाजतंय कसं. लगीन करून बी आलं असंल, न्हाईतर उद्याच्याला आसंल."

मी "असेल" म्हणाले. बाकी शिरूर येईपर्यंत मी काय बघितलं, मला ठाऊक नाही. न्हावऱ्याचा थांबा कधी गेला तेही कळलं नाही. मनाला एवढंच म्हणत होते, लिडियाबाई, तो आपला सगळ्याच उतारूंशी गोड बोलत असेल. तू उगाच एका वाक्यावर घर बांधलंस.

घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं, नगरला होय म्हणून कळव. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणाली, खुशीनं सांगतेस ना? मी म्हणाले, हो. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेहून आल्यावर तिनं पोस्टकार्ड लिहिलं. मुलीस स्थळ पसंत आहे, ईस्टरनंतर यावे.

आणि मी काय केलं? मागच्या पडवीत बसून माती भिजवली. कशासाठी, देव जाणे. सवय झाली होती. नेहमीपेक्षा जाड थर दिला आणि बसून राहिले. थर सुकला, ओढायला लागला, तरी उठावंसं वाटेना. मग रडू आलं. वाळलेल्या मातीतून पाण्याच्या दोन वाटा हनुवटीपर्यंत उतरल्या. धुतलं तेव्हा दोन्ही गाल लाललाल झाले होते आणि नाकाचा शेंडा सोललेला. शहाणा म्हणावा असा गाल आता राहिलाच नव्हता.

सोमवारी आई मला गाडीवर पोचवायला आली. आमच्या भागात एक रीत होती. निकडीचं पत्र असलं की दौंडच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं. तो ते स्टेशनावर टपालगाडीच्या डब्यात टाकायचा, मग पत्र एक दिवस आधी पोचायचं. मला काही कळायच्या आत आईनं खिडकीतून हात पुढे केला. "बाळा, एवढं दौंडला गाडीत टाकशील? नगरला जायचंय, महत्त्वाचं आहे."

सत्यवाननं कार्ड घेतलं. पोस्टकार्ड उघडंच असतं. त्यानं पत्ता बघायला म्हणून नजर टाकली आणि ती नजर पत्त्यावर थांबली नाही. मला दिसलं. कार्ड खिशात ठेवायला त्याला फार वेळ लागला.

त्या दिवशी माझी नेहमीची जागाही गेली होती. डावीकडची सगळी रांग नगरपालिकेच्या परीक्षेला निघालेल्या लोकांनी भरलेली. मला उजवीकडे बसावं लागलं, म्हणजे डावा गाल थेट वाटेवर. पदर कानावरून पुढं ओढला, पण वारा तो राहू देईना. म्हटलं, राहू दे. आता कुणासाठी झाकायचं?

न्हावऱ्याला गाडी बरीच रिकामी झाली. सत्यवान आला आणि माझ्या शेजारी दांडी धरून उभा राहिला. पंच वाजवला नाही. खिशातून कार्ड काढलं.

"बाई, हे मी वाचायला नको होतं."

"उघडंच होतं ते."

"हे टाकू का गाडीत?"

मला राग आला. माझाच आला असेल, पण निघाला त्याच्यावर. "टाका की. विचारायचं काय त्यात? तुमची हळद झाली, आता आमचीही होईल."

"माझी हळद?"

"मग कानामागं काय आहे ते?"

त्याचा हात कानामागं गेला. बोटं बघितली. आणि त्या सावळ्या चेहऱ्यावर जे काही पसरलं, त्याला लाज म्हणावं, भीती म्हणावी की सुटका, मला अजून ठरवता आलेलं नाही. तो समोरच्या बाकाच्या कडेवर टेकला. ड्युटीवर असताना बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवता. आपल्यात उपवासकाळात कुणाचं लग्न निघतं का?"

ईस्टर सहा दिवसांवर होता. त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्यात लग्नं लागत नाहीत, हे दिवस मी स्वतः मुलांना बोटांवर मोजायला शिकवत होते, आणि रंगुबाईच्या एका वाक्यावर माझी अक्कल गहाण पडली होती.

मग तो सांगायला लागला, तुटक तुटक, एकेक वाक्य खिडकीबाहेर बघत. त्या पहिल्या दिवशी फळ्यांच्या फटीतली उरलेली माती त्यानं झाडून घेतली होती आणि घरी नेऊन बहिणीला दाखवली होती. बहीण वास घेऊनच म्हणाली, ही भिंतीची नव्हे, तोंडाला लावायची. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. भिंत काय म्हणते हे विचारत होता, ते सगळं जाणून.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलायचं थांबला असता. आणि तसंही तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. सगळी गाडी बघते, तिकीट घेताना माणूस वर बघतोच. तुम्ही एकदाही नाही. कायम खिडकीबाहेर. मी म्हटलं, बाईंना माझं तोंड बघवत नाही. दिवसभर धूळ, डिझेलचा धूर, नाकावर हे काळं... घरी आरशात बघितलं तर मलाच बघवेना. मग ती माती लावली."

"तुम्ही?"

"बहिणीनं सांगितलं होतं चिमूटभर हळद घाल. ती गावाला गेलेली. मी मूठभर घातली. सुट्टीची दुपार होती, लावून पडलो तो झोपच लागली. उठलो तर सगळं तोंड तडकलेलं, हसायला गेलो तर पोपडे पडले. धुतलं, घासलं, पिवळं काही जाईना. आठ दिवस रजा टाकली. म्हटलं, उजळ होऊन येईन आणि बाईंना विचारीन. तर हे असं होऊन आलो... मग कुठलं तोंड घेऊन विचारायचं?"

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही. ओठ दाबून धरले, आत्याच्या शिकवणीप्रमाणे. पण आता तोंडावर माती नव्हती. इतके दिवस मी माझा गाल लपवत होते आणि त्याला वाटत होतं, मी त्याच्या तोंडाला कंटाळलेय. दोघंही एकाच मातीत तोंड घालून बसलेलो.

"काय विचारायचं होतं?" मी म्हणाले.

त्यानं हातातलं कार्ड पुढं धरलं. "आधी हे सांगा. हे टाकू का?"

होय म्हणाले तर नगर, चांगल्या वळणाचे मास्तर, आईच्या जिवाला स्वस्थता. नाही म्हणाले तर हा हळदीचा माणूस, ज्याला माझा डावा गाल... मी पदर मागे सारला. मान वळवली, पूर्ण वळवली, आणि त्याच्याकडे समोरून बघितलं. पुटकुळ्या, सोललेलं नाक, रात्रभर रडलेले डोळे, जे होतं ते सगळं.

"आधी नीट बघून घ्या," मी म्हणाले. "मी ही अशी आहे. माती लावूनसुद्धा."

त्यानं बघितलं. घाईनं नाही. मग स्वतःच्या डाव्या कानाजवळ बोट नेलं आणि हळूच म्हणाला, "इथं राहिलीय. तुमचीसुद्धा."

मी कानाशी हात नेला. वाळलेल्या मातीचा एक पोपडा बोटांना लागला.

"नका टाकू ते कार्ड," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. कोनाड्याच्या दिवसापासून."

पुढच्या थांब्यावर कुणीतरी हात केला होता. सत्यवाननं घंटेची दोरी ओढलीच नाही. सोपानरावांनी स्वतःच गाडी थांबवली आणि मागं वळून विचारलं, "आरं, झोपला का काय तिकडं?"

दौंडला उतरल्यावर मी आईला पत्र लिहिलं, चार वेळा फाडून पाचव्यांदा. ते मात्र त्यानंच स्टेशनावर नेऊन टाकलं. उत्तर येईना, तसे तीन दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आई रागावली असेल, पाळकसाहेबांना काय तोंड दाखवायचं म्हणत असेल, सत्यवानच्या वडिलांना मी पसंत पडले नाही तर काय... काळजी करायला मला कारण कधी कमी पडलेलं नाही. गुरुवारी आईचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती. माणसांना ईस्टरला जेवायला बोलाव, आणि नगरचं माझं मी बघते.

ईस्टरच्या रविवारी उपासना झाल्यावर सत्यवान आणि त्याचे वडील अब्राहाममामा आमच्या चाळीत आले. सलाम झाला, पाणी झालं. आईनं सत्यवानला निरखून बघितलं आणि ओळखलं. माझं कार्ड मी ज्याच्याकडे दिलं तो हाच ना, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, हो, आणि ते अजून माझ्याकडेच आहे, माफ करा. आईनं त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

मी चहा घेऊन आले तेव्हा सत्यवान पडवीत उभा होता. कानामागचं पिवळं आता जवळजवळ गेलं होतं. भिंतीला हात लावून तो अगदी गंभीरपणे बघत होता, रंग बघायला आलेल्या गवंड्यासारखा.

"भिंत चांगली आहे की," तो म्हणाला.

आई ओशाळून म्हणाली की दोन वर्षं चुना लावला नाही, पावसाळ्याआधी लावायचाच आहे. सत्यवाननं माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना, कप बशीत वाजायला लागले, आणि मी तशीच हसत त्याच्यासमोर चहा घेऊन गेले, सरळ, कुठलाही गाल न वळवता.